समुद्र नसलेल्या गावाची समुद्रावर नजर

बंगळूरला काय नाही? लालबाग आहे, कब्बन पार्क आहे, कॉम्प्युटरच्या कंपन्या आहेत, विमानांचा कारखाना आहे, पहाटेपासून दरवळणारी फिल्टर कॉफी आहे. नाही तो फक्त समुद्र. हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर बसलेलं. कर्नाटकाचा स्वतःचा किनारा सव्वातीनशे किलोमीटरचा, पण राजधानीतून मंगळूर गाठायचं तर शिराडी घाट उतरून साडेतीनशे किलोमीटरचा पल्ला मारावा लागतो.

तरीही शिवाजीनगरच्या रसेल मार्केटात सकाळी सकाळी जा. मंगळूरचा, मलपेचा बांगडा बर्फात पाठ टेकून पडलेला दिसेल. शेजारी तारली, सुरमई, कोळंबी. नोकरीनिमित्त इथे स्थायिक झालेली मालवणकडची, कारवारकडची, गोव्याकडची मंडळी कल्ला उचलून रंग पाहतात, बोटाने दाबून पाहतात, भावावरून हुज्जत घालतात आणि पिशवी भरून घरी नेतात. रविवारी दुपारी बंगळुरातल्या एखाद्या फ्लॅटच्या जिन्यात तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा वास येतो, तेव्हा समुद्र साडेतीनशे किलोमीटरवर आहे हे खरंच वाटत नाही.

पण कधी विचार केलाय? हा बांगडा मंगळूरच्या धक्क्यावर येण्याआधी कुठे होता? पुढच्या वर्षी तो येणार आहे की नाही, हे कोणाला ठाऊक आहे का? जंगलातले वाघ मोजता येतात, गोठ्यातल्या गाई मोजता येतात. माणसांची तर दर दहा वर्षांनी शिरगणती करण्याची आपली रीत. समुद्रातले मासे कसे मोजायचे? ते दिसत नाहीत, एका जागी राहत नाहीत, आणि त्यांना ना रेशनकार्ड ना पत्ता!

गंमत म्हणजे हे मोजण्याचा सरकारी खटाटोप गेली पाऊणशेहून अधिक वर्षं चालू आहे. आणि त्या खटाटोपाचा एक मोठा धागा येऊन पोचतो तो याच समुद्र नसलेल्या बंगळुरात.

कुटुंब पोसणारी तारली

आधी तारलीची गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे या मोजणीची गरज काय ते कळेल.

तारली हा गरिबाचा मासा. मंगळूरकडे तुळू लोक तिला बूताय म्हणतात, केरळात ती मत्ती किंवा चाळा. मल्याळममध्ये तिला आणखी एक लाडाचं नाव आहे, 'कुडुंबम पुलर्ती'. म्हणजे कुटुंब पोसणारी. किती नेमकं नाव! सुरमई-पापलेट ज्यांना परवडत नाही त्यांच्या ताटात वर्षानुवर्षं तारलीच पडत आली. अंगात तेल भरपूर, चव फक्कड, आणि डॉक्टर ज्या ओमेगा-३ चे गोडवे गातात ते हिच्यात ठासून भरलेलं.

या माशाचं आयुष्य फार तर अडीच-तीन वर्षांचं. वर्षभरात पंधरा सेंटिमीटरची होऊन ती अंडी घालायच्या वयात येते. तिचं लग्नसराईचं पंचांग पावसाळ्याशी बांधलेलं. नैर्ऋत्येचा मॉन्सून सुरू झाला की मलबारच्या किनाऱ्यालगत खोल पाण्यातलं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं अमाप पीक येतं. तारलीचं हेच जेवण. पाऊस नीट झाला, पाणी नीट वर आलं, तर तिची पिल्लं जगतात. काही बिघडलं तर पुढच्या हंगामात जाळी रिकामी.

म्हणूनच तारलीचं येणं-जाणं लहरी. १९४० च्या आसपास ती मलबार किनाऱ्यावरून जवळजवळ गायब झाली होती. तेव्हा मलबार आणि मंगळूर दोन्ही मद्रास इलाख्यात. मद्रास सरकारने १९४३ मध्ये लहान तारली आणि अंड्यावर आलेली तारली पकडण्यावर बंधनं घातली, काही जाळ्यांना मनाई केली. पण समुद्रात पोलीस कुठून आणणार? बंधनं कागदावर राहिली आणि काही वर्षांत ती गुंडाळावी लागली. पुढे तारली आपली आपणच परतली. ती का गेली होती आणि का आली, यावर तेव्हापासून शास्त्रज्ञ डोकं खाजवत आहेत.

आता अलीकडचं बघा. २०१२ मध्ये एकट्या केरळच्या किनाऱ्यावर जवळपास चार लाख टन तारली उतरली. विक्रमच झाला. कोळीवाड्यांत आनंदीआनंद, नव्या बोटी, मोठी जाळी. आणि मग घसरगुंडी. २०१५ मध्ये आकडा ६८ हजार टनांवर आला. २०१९ मध्ये ४४ हजार. आणि २०२१ मध्ये? फक्त ३,२९७ टन! पंचवीस वर्षांतला नीचांक. चार लाखांवरून तीन हजारांवर, म्हणजे शंभर रुपयांचा पगार एका रुपयाच्याही आत यावा तसं. ज्यांचं घर तारलीवर चालत होतं त्यांनी काय करायचं? बोटीच्या कर्जाचे हप्ते तर थांबत नाहीत.

मग २०२२ मध्ये पुन्हा एक लाख दहा हजार टन. २०२३ मध्ये त्याहून जास्त. म्हणजे संकट टळलं? तसं म्हणावं तर पुढे मासा भरपूर, पण बारीक अशी तक्रार येऊ लागली. जाळं भरतंय, पण मासा बोटाएवढा. त्याला भाव कोण देणार?

या चढउतारात निसर्गाचा हात किती आणि माणसाचा किती, हाच कळीचा प्रश्न आहे. समुद्राचं तापमान, एल निनो, पावसाची लहर हे आपल्या हातात नाही. पण पिल्लं जाळ्यात भरून आणणं हे तर आपल्याच हातात आहे ना? आणि या दोहोंचा हिशेब वेगळा करायचा तर दरवर्षीचे, दर महिन्याचे खरे आकडे हवेत. नुसत्या अंदाजावर कायदा केला की त्याचं १९४३ सारखं होतं.

धक्क्यावरची वही-पेन्सिल

हे आकडे येतात कुठून?

देश स्वतंत्र व्हायच्या आधीच, ३ फेब्रुवारी १९४७ ला, तामिळनाडूतल्या मंडपम इथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था सुरू झाली. १९७१ मध्ये तिचं मुख्यालय कोचीला गेलं. मंगळूर, मुंबई, कारवार अशा ठिकाणी तिची केंद्रं आहेत. या संस्थेची माणसं गुजरातपासून बंगालपर्यंतच्या बंदरांवर, धक्क्यांवर, वाळूत बोट ओढली जाते अशा लहानसहान जागांवरही जातात. मासळी उतरण्याच्या अशा जागा देशात बाराशेच्या वर आहेत. सगळीकडे रोज माणूस ठेवणं अशक्य. मग काय करतात? आपण तांदूळ घेताना पोत्यात हात घालून मूठभर दाणे पाहतो की नाही? तसंच. कुठल्या दिवशी कुठल्या जागी जायचं हे आधी ठरवतात, पण ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं, कोणाच्या सोयीने नाही. एका दिवशी दुपारी जायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या रात्री किती बोटी लागल्या ते विचारून घ्यायचं. बोटी पंधरा किंवा त्याहून कमी असतील तर सगळ्या पाहायच्या. जास्त असतील तर त्यांतल्या काही निवडायच्या.

बोटीत कोणती मासळी, किती वजनाची, किती लांबीची, कोणतं जाळं वापरलं, किती तास समुद्रात होते, हे सगळं लिहून घ्यायचं. यातला शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. समजा गेल्या वर्षी शंभर टन मासा मिळाला आणि यंदाही शंभर टनच मिळाला. वरवर सगळं ठीक. पण गेल्या वर्षी त्यासाठी शंभर तास लागले आणि यंदा तीनशे तास, तर समुद्रातला मासा कमी झाला हे उघड आहे! पाकिटात महिनाअखेरीस तेवढेच पैसे दिसतात, पण त्यासाठी घरातल्या तिघांना नोकरी करावी लागते, त्यातला प्रकार.

माशाचं वय कसं कळतं? झाडाचं खोड आडवं कापलं की वर्तुळं दिसतात. माशाच्या कानात तांदळाच्या कणीएवढं किंवा त्याहून लहान हाड असतं, त्यावरही तशीच वर्तुळं उमटतात. आपल्या उष्ण समुद्रात तर लहान माशांची ही वर्तुळं रोजच्या रोज पडतात. शास्त्रज्ञ ते हाड घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि माशाची जणू जन्मपत्रिका वाचतात.

या चिकाटीच्या नोंदींमुळेच आणखी एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी तारलीचा मुख्य मुलूख केरळ ते कर्नाटक एवढाच होता. १९८५ नंतरच्या काळात ती हळूहळू उत्तरेला गोवा, महाराष्ट्र, गुजरातच्या बाजूला आणि तिकडे पूर्व किनाऱ्यावरही मिळू लागली. पाणी तापतंय, तसा मासा आपलं बिऱ्हाड हलवतोय असं शास्त्रज्ञांना वाटतं. ज्याला आपण 'आमचा मासा' म्हणतो तो कायमचा आमचा नसतो, हे या वह्यांनी शिकवलं.

आपल्या मुंबईचाही यात मोठा वाटा आहे. १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातल्या मासेमारीचं एक केंद्र निघालं. तेच वाढत वाढत १९८३ मध्ये भारतीय मत्स्य सर्वेक्षण झालं. मुख्यालय अजून मुंबईतच. या खात्याकडे स्वतःची जहाजं आहेत आणि त्यांची नावं ऐकाच... मत्स्यवृष्टी, मत्स्यदृष्टी, मत्स्यशिकारी, मत्स्यनिरीक्षणी. व्यापारासाठी नव्हे, पाहणीसाठी ही जहाजं खोल समुद्रात जातात. मैलोन्‌मैल लांब दोरीला गळ लावून पाण्यात सोडायचे, मग ओढायचे, आणि शंभर गळांमागे किती मासे लागले ते लिहायचं. कंटाळवाणं काम! पण हा शंभर गळांचा आकडा वर्षानुवर्षं जुळवला की समुद्राची नाडी हाताला लागते.

बंगळूरचा डोळा

आता येऊ या बंगळूरला.

वही-पेन्सिलवाला माणूस फक्त पकडलेला मासा मोजतो. जो पकडला गेला नाही त्याचं काय? त्याला पाहायला वरून डोळा हवा. हा डोळा बंगळुरात घडतो. १९७० च्या दशकात पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये आर्यभट्ट उपग्रह तयार झाला, तेव्हापासून भारताचे उपग्रह घडवण्याचं केंद्र हे शहर आहे. खास समुद्रासाठीचा पहिला भारतीय उपग्रह ओशनसॅट-१, तो २६ मे १९९९ ला श्रीहरिकोट्याहून उडाला. ओशनसॅट-२ सप्टेंबर २००९ मध्ये गेला, आणि तिसरा २६ नोव्हेंबर २०२२ ला. हे उपग्रह वर गेल्यावर त्यांच्याशी बोलणं, त्यांना वाटेवर ठेवणं, हे कामही बंगळुरातल्या इस्रोच्या केंद्रातून चालतं.

सातशे किलोमीटर उंचीवरून मासा दिसतो का? नाही. दिसतो तो पाण्याचा रंग.

शेतकरी लांबूनच शेताचा हिरवेपणा पाहून पीक कसं आहे ते ओळखतो. समुद्रातही सूक्ष्म वनस्पती दाट झाल्या की पाण्याचा निळा रंग हिरवट होतो. उपग्रह तो फरक टिपतो. शिवाय पाण्याचं तापमान. जिथे थंड आणि ऊन पाणी एकमेकांना भिडतं, त्या सीमेवर खाद्य गोळा होतं. खाद्य खायला बारीक जीव येतात, त्यांना खायला लहान मासे, त्यांच्या मागे मोठे मासे. म्हणजे जत्रेत भेळवाला उभा राहिला की गर्दी कुठे होणार ते सांगता येतं, तसं! हैदराबादला १९९९ मध्ये निघालेली 'इन्कॉईस' ही समुद्रविषयक माहिती देणारी संस्था उपग्रहांची ही माहिती घेऊन नकाशे तयार करते. अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, इतक्या खोलीवर मासे मिळण्याची शक्यता आहे, असा सांगावा किनाऱ्यावर जातो, आणि तोही मराठी, कन्नड, मल्याळम अशा कोळ्यांच्या भाषांत. पावसाळ्यात ढगांनी डोळा झाकतो, आणि तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीही बंद असते. निसर्गाने आणि सरकारने एकाच वेळी सुट्टी घेतलेली!

याचा फायदा साधा आहे. मासा शोधत भटकायचं नाही, डिझेल वाचतं, वेळ वाचतो. डिझेलचे भाव पाहता ही काही लहान गोष्ट नाही.

बंगळूरचा आणखी एक हातभार फारसा कोणाला माहीत नसतो. मासेमारी बंदर कुठे बांधावं, तिथे लाटा कशा येतात, गाळ किती साचेल, याची पाहणी करणारी केंद्र सरकारची संस्थाही १९६८ पासून याच शहरात आहे. समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवर बसून ती देशभराच्या किनाऱ्यावरच्या बंदरांचे आराखडे करते.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्या पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेची सुरुवात झाली. देशातल्या एक लाख मासेमारी बोटींवर इस्रोने विकसित केलेलं एक छोटं यंत्र फुकट बसवायचं. बोट कुठे आहे ते किनाऱ्यावर कळेल. वादळाचा इशारा बोटीवर पोचेल. संकटात बटण दाबलं की मदतीची हाक जाईल. मोबाईलची रेंज जिथे संपते तिथून पुढे उपग्रह बोलणार. ही योजना राबवण्याचं काम अवकाश खात्याच्या ज्या कंपनीकडे आहे, तिचं बिऱ्हाडही बंगळुरातच.

पासपोर्ट नसलेला कुपा

तारली आणि बांगडा किनाऱ्याच्या आसपास हिंडतात. खरे फिरस्ते वेगळेच. कुपा, म्हणजे टूना. त्यातला पिवळ्या परांचा कुपा तर माणसाहून जड होऊ शकतो. तो आज लक्षद्वीपच्या पाण्यात, काही महिन्यांनी मालदीवच्या, पुढे कुठे आफ्रिकेच्या बाजूला. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपला, असं आपल्या १९७६ च्या कायद्यात आहे. पण हे कुप्याला कोणी सांगायचं? व्हिसाच्या रांगेत उभं न राहता तो पाच-सहा देशांच्या हद्दी ओलांडतो.

मग तो कोणाचा? ज्याच्या हद्दीत जन्मला त्याचा, की ज्याच्या जाळ्यात सापडला त्याचा? एकाने राखला आणि दुसऱ्याने ओरबाडला तर? शेजारच्या आंब्याची फांदी आपल्या अंगणात आली की घराघरांत जे होतं, तेच इथे देशादेशांत होतं!

१९८२ च्या आंतरराष्ट्रीय समुद्र कायद्याने सांगितलं की अशा दूरवर फिरणाऱ्या माशांच्या बाबतीत सगळ्या देशांनी मिळून वागावं. त्यातूनच हिंदी महासागरासाठी टूना आयोग निघाला. कचेरी सेशेल्स बेटांवर, काम १९९६ पासून. भारत त्याचा सदस्य आहे. दरवर्षी प्रत्येक देशाने आपण किती मासे पकडले याचा हिशेब तिथे द्यायचा. मुंबईच्या सर्वेक्षण जहाजांचे शंभर गळांचे आकडे आणि धक्क्यावरच्या वह्या आपल्या कामी येतात त्या इथे. ज्याच्याकडे नोंदी नाहीत त्याचा आवाज अशा बैठकीत पडका. वाटणीच्या वेळी ज्या भावाकडे कागद नसतात त्याचं काय होतं ते आपण जाणतोच.

या आयोगाने २००५ ते २००९ या काळात एक मोठा प्रयोग केला. हिंदी महासागरातल्या सुमारे दोन लाख कुप्यांना पकडून, पाठीवर प्लॅस्टिकची बारीक खूण टोचून, पुन्हा सोडून दिलं. ज्याला असा मासा सापडेल त्याने खूण परत द्यावी आणि बक्षीस न्यावं. तीस हजारांहून अधिक खुणा परत आल्या! टांझानियाजवळ सोडलेले मासे हजार-हजार मैलांवर सापडले. मासे कसे फिरतात, किती वेगाने वाढतात, शंभरातले किती पकडले जातात, याचं उत्तर या चिमुकल्या खुणांनी दिलं.

उत्तर काही गोड नव्हतं. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं, पिवळ्या परांचा कुपा प्रमाणाबाहेर पकडला गेलाय. २०१६ मध्ये पकडीवर मर्यादा घालणारी योजना आली. मग वर्षानुवर्षं वाद. एका बाजूला दूर देशांची अजस्र जाळ्यांची जहाजं, दुसऱ्या बाजूला लक्षद्वीपच्या मिनिकॉयचे कोळी, जे आजही बांबूच्या दांडीला गळ लावून एकेक मासा ओढतात. दोघांना एकच नियम लावायचा का? किनाऱ्यावरच्या गरीब देशांचं म्हणणं असं, की खड्डा ज्यांनी केला त्यांनी आधी भरावा. २०२४ च्या नव्या हिशेबात कुप्याची स्थिती धोक्याच्या रेषेबाहेर आल्याचं दिसलं. सगळं छान झालं असं नाही. पण मोजलं, मान्य केलं आणि हात आखडला तर समुद्र सावरू शकतो, एवढा धीर त्यातून मिळतो.

डोळा कोणासाठी?

इथवर वाचून वाटेल, वा, छान चाललंय. पण थोडं थांबा. एक प्रश्न मनात राहतोच.

मासा कुठे आहे ते सांगणारा उपग्रह हे दुधारी हत्यार आहे. पूर्वी समुद्र मोठा होता आणि कोळ्याची नजर लहान. त्या फरकात मासा जगत होता. आज उपग्रह दिशा दाखवतो, यंत्र पाण्याखालचा थवा दाखवतं, इंजिन ताकद देतं. काही जण तर रात्री लख्ख एलईडी दिवे सोडून मासे गोळा करत. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला बंदी घातली, तरी तक्रारी संपल्या नाहीत. म्हणजे माशाला लपायला जागा उरली कुठे? शोधण्याचं शास्त्र एवढं पुढे गेलं असेल तर राखण्याचं शास्त्र त्याच्या मागे राहून चालणार नाही. तिजोरीची किल्ली मिळाली म्हणून रोज उघडायची नसते. आत शिल्लक किती, हेही पाहायचं असतं.

दुसरं म्हणजे विश्वास. चांगली जागा सापडली की ती कोणाला सांगायची नाही, हा तांडेलाचा जुना नियम. बापाने मुलाला सांगितलेली ती ठेव. आता बोटीवर यंत्र बसणार आणि आपण कुठे जातो ते सरकारला दिसणार, म्हटल्यावर त्याच्या मनात पाल चुकचुकली तर नवल नाही. वादळात जीव वाचेल हे त्याला पटतं. पण ही माहिती उद्या बड्या जहाजांच्या हाती तर लागणार नाही ना? हा संशय हवेतून आलेला नाही. १९९१ मध्ये खोल समुद्र परदेशी भागीदारीतल्या जहाजांना खुला केला गेला, तेव्हा देशभरच्या कोळ्यांनी बंदरं बंद पाडली होती. शेवटी मुरारी समिती नेमावी लागली, आणि १९९६ मध्ये तिने कोळ्यांच्या बाजूने अहवाल दिला. ही आठवण कोळीवाडे विसरलेले नाहीत. म्हणून यंत्र फुकट देऊन भागणार नाही. त्यातून गोळा झालेल्या माहितीचं काय होतं, ते कोळ्याला त्याच्या भाषेत सांगावं लागेल. शास्त्रज्ञाच्या वहीत जो आकडा जातो तो अखेर तांडेलाच्या तोंडून येतो. त्याने खोटं सांगितलं तर उपग्रहही खोटा पडेल!

आणि आपल्या ताटात?

आपण म्हणाल, हे झालं सरकारचं, शास्त्रज्ञांचं, कोळ्यांचं. घरात बसून आपण काय करणार?

बरंच काही. मासा मोजणारा शेवटचा माणूस म्हणजे त्याला तव्यावर टाकणारा!

कुठला मासा किमान केवढा झाल्यावर पकडावा, याचे नियम आता झालेत. हिशेब सोपा आहे. प्रत्येक माशाला आयुष्यात एकदा तरी अंडी घालू द्यावीत. केरळने २०१५ पासून असे नियम आणले. तिथे तारली दहा सेंटिमीटरच्या आत आणि बांगडा चौदाच्या आत असेल तर पकडायचा नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये चोपन्न जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. पापलेट साडेतेरा सेंटिमीटर, बोंबील अठरा. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा हा मानही मिळाला. आणि त्याच पापलेटची पिल्लं 'कावलेट' म्हणून पाटीतून विकली जातात! राज्यमाशाचा मान द्यायचा आणि त्याची पोरं तळून खायची, याला काय म्हणावं?

कायदा बंदरावर पाहारा देईल तेव्हा देईल. पहिला पाहारा बाजारात होऊ शकतो. बारीक मासा स्वस्त मिळतो म्हणून आपण घेतो, आपण घेतो म्हणून कोळीण आणते, ती आणते म्हणून जाळ्याचे डोळे बारीक होतात. यातली एक कडी आपल्या हातात आहे. कोळणीशी भांडायचं कारण नाही. तिलाही घर चालवायचं आहे. 'एवढी लहान नको गं बाई, मोठी असेल तेव्हा दे' एवढं म्हटलं तरी पुरे. दहा गिऱ्हाइकांनी तेच म्हटलं की धक्क्यावर निरोप बरोबर पोचतो. बाजारातल्या निरोपाला उपग्रह लागत नाही!

पावसाळ्याचं पथ्यही असंच. जून-जुलैत मासेमारी बंद. आपल्या आजीच्या घरी श्रावण पाळायचे, खारवलेली मासळी, सुकट, बोंबील यांवर ते दिवस निघायचे. त्यामागे धर्म किती आणि शहाणपण किती, हा वाद बाजूला ठेवू. मासा अंडी घालतो त्या दिवसांत त्याला सुखाने राहू द्यावं, एवढं त्या रीतीत होतं. आता बर्फाच्या पेट्या आल्या, बारा महिने हवं ते मिळतं, आणि हंगाम नावाची चीज आपण विसरलो. बाजारात गेल्यावर 'आज कोणती मासळी हंगामाची?' असं विचारून बघा. कधी मुडदुशा मिळतील, कधी मांदेली. पापलेट-सुरमईवरचा भार तेवढाच हलका होईल, आणि पाकिटावरचाही.

आणि हो, मुलांना मासा कापताना जवळ बोलवा. कुठला मासा, कुठून आला, पोटात अंडी होती का, हे दाखवा. फूटपट्टीने मोजायला सांगा. पुस्तकातला भूगोल आणि विज्ञान त्या एका माशात मावतं. उद्या यांतलंच कोणी धक्क्यावर वही घेऊन उभं राहील, कोणी बंगळुरात बसून समुद्रावर नजर ठेवणारा उपग्रह घडवील.

'कुटुंब पोसणारी' हे नाव तारलीला देणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जी आपलं कुटुंब पोसते, तिचंही कुटुंब असतं. वर आकाशातून बंगळूरचा डोळा ते पाहतोच आहे. तव्यासमोर उभे असताना आपणही पाहायला हवं.